लंडन: आजी-आजोबा, मुलं आणि बॅगा घेऊन फिरायचं कसं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

मे अखेरीस लंडनला जायचं नक्की झालंय. माणसं सहा: आम्ही दोघं, सासू-सासरे (दोघंही सत्तरीपुढचे, सासूबाईंचे गुडघे बोलतात), मुलगी तेरा वर्षांची आणि मुलगा नऊचा. व्हिसा हातात आलाय, मुंबई ते हीथ्रो थेट विमानाची तिकिटंही काढली आहेत. टूर कंपनीबरोबर जायचं नाही यावर घरात एकमत आहे. मागे एका सहलीत "दहा मिनिटांत फोटो काढून बसमध्ये या" हे ऐकून सासरे असे भडकले होते की गाइड शेवटी त्यांना बघून रस्ता बदलायचा.

आता घोडं अडलंय ते तिथे गेल्यावर फिरण्यावर. जेवढं वाचावं तेवढा गोंधळ वाढतोय. एक म्हणतो ऑयस्टर (तिथलं पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) घ्या, दुसरा म्हणतो अजिबात घेऊ नका. कुणी मध्यभागी राहायला सांगतं, कुणी बाहेर. नवऱ्याने एक्सेल शीट केली आहे, त्यात आता चौदा रकाने झालेत आणि उत्तर एकातही नाही.

तर सांगा: हीथ्रोवरून बॅगांसकट जायचं कसं? उतरायचं कुठे? तिकिटाचं काय करायचं? आणि मुख्य म्हणजे सासूबाईंना जिने न चढता काय काय बघता येईल?

हौन्सलोकर

तिकिटाचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण लोक सगळ्यात जास्त डोकं तिथेच खपवतात आणि तोच सगळ्यात सोपा आहे.

तुमचं कॉन्टॅक्टलेस डेबिट किंवा क्रेडिट कार्ड हेच तिकीट. ट्यूबमध्ये (म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेत) शिरताना टेकवायचं, बाहेर पडताना टेकवायचं. बसमध्ये फक्त चढताना. ऑयस्टरचं मोठ्या माणसाचं भाडंही तेवढंच पडतं. दिवसभरात कितीही फिरलात तरी एका मर्यादेपुढे पैसे कापत नाहीत. २०२५ च्या दराने ही मर्यादा झोन १-२ साठी (झोन म्हणजे शहराच्या मध्यापासून बाहेर मोजलेले भाड्याचे पट्टे) ८.९० पौंड होती, झोन ३ पर्यंत १०.५०, झोन ४ पर्यंत १२.८०. दर बहुधा मार्चमध्ये वाढतात, तेव्हा हिशोब करताना थोडं वरच धरा.

दोन गोष्टी पाळा. एक माणूस, एक कार्ड. नवऱ्याच्या कार्डावर सगळं कुटुंब आत जाणार नाही. आणि सकाळी कार्ड, संध्याकाळी फोनमधलं तेच कार्ड असंही करू नका. यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी माणसं असतात, मग मर्यादेचा फायदा मिळत नाही आणि अर्धवट प्रवासाचं जास्तीत जास्त भाडं कापलं जातं.

मुलगा अकराच्या आतला, तो मोठ्यांबरोबर ट्यूब आणि बसमध्ये फुकट. रुंद फाटकातून तुमच्याबरोबर घ्या. मुलीसाठी मात्र ऑयस्टर घ्या आणि स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला सांगून त्यावर "यंग व्हिजिटर" सवलत घालून घ्या. ११ ते १५ वयाला चौदा दिवसांपर्यंत निम्मं भाडं. ही सवलत आपण होऊन कुणी सांगत नाही, मागावी लागते.

आजी-आजोबांना फुकट पास मिळतो असं कुणी सांगितलं असेल तर ते फक्त इथल्या रहिवाशांसाठी आहे.

पेठेतला_पांथस्थ

वरच्या प्रतिसादात एक गोष्ट राहिली, ती म्हणजे आपल्या बँका. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही अॅपमध्ये जाऊन चालू करावे लागतात, मूळचे बंद असतात. हे मुंबईत बसून करा. ओटीपी यायचं सिम कार्ड घरच्या दुसऱ्या फोनमध्ये ठेवून लोक विमानात बसतात आणि मग आमच्यासारख्यांना रात्री दोनला फोन करतात.

रुपेच्या भरवशावर जाऊ नका, व्हिसा किंवा मास्टरकार्ड ठेवा. साध्या क्रेडिट कार्डावर प्रत्येक व्यवहारामागे दोन ते साडेतीन टक्के वर लागतात. फॉरेक्स कार्डात पौंड भरून नेलेत तर ते वाचतं, पण माणशी एक कार्ड हवं.

सासू-सासऱ्यांकडे असलं काही नसेल तर सरळ ऑयस्टर घ्या. कार्डाचेच दहा पौंड जातात आणि ते परत मिळत नाहीत, पण म्हाताऱ्या माणसाला फाटकापाशी उभं करून "बाबा, पिन आठवतोय का?" असं विचारण्यापेक्षा ते परवडलं.

कृष्णाकाठ

@पेठेतला_पांथस्थ, सासऱ्यांना पिन आठवतो. तो ते मोठ्याने सांगतात, ही अडचण आहे. :)

गुडघेदुखे_काका

सूनबाई, तुमच्या सासूबाईंच्या वतीने मी लिहितो. आम्ही दोघं लेकीकडे जाऊन राहून आलो. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या मूळच्या नाहीत, त्यामुळे लंडन मी जिन्यांच्या हिशोबाने पाहिलं आहे.

ट्यूब जुनी आहे. पहिली गाडी १८६३ साली धावली, तेव्हा लिफ्टचा विचार कोण करतो? आजही मधल्या भागातल्या कित्येक स्टेशनांवर सरकत्या जिन्यानंतर पुन्हा दहा-पंधरा पायऱ्या निघतात. त्या दहा पायऱ्याच जीव काढतात. कोव्हेंट गार्डनला लिफ्ट आहेत, पण गर्दी बघून उत्साही माणसं जिन्याने निघतात. तो जिना १९३ पायऱ्यांचा आहे. खाली पाटी लावलेली असते, आमच्यासमोर एक गृहस्थ ती न वाचता निघाले. त्यांचं पुढे काय झालं ते पाहायला आम्ही थांबलो नाही.

यावर उतारा म्हणजे "स्टेप फ्री" नकाशा. ट्यूबचाच नकाशा, त्यात व्हीलचेअरचं चिन्ह असतं. निळं वर्तुळ असेल तर रस्त्यापासून थेट डब्यापर्यंत पायरी नाही. पांढरं वर्तुळ असेल तर फलाटापर्यंत पायरी नाही, पण डब्यात चढताना फट किंवा उंची लागू शकते. तो नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, बाकीचे विसरा.

दुसरं म्हणजे बस. २०२५ मध्ये तिकीट १.७५ पौंड होतं, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात चढाल त्या पुढच्या सगळ्या बसचे पैसे लागत नाहीत. रोख चालत नाही, २०१४ पासून बंद आहे. बस स्टॉपला लागली की दाराची बाजू खाली झुकते, चढायला पाऊल उचलावंच लागत नाही. पुढच्या दोन-तीन जागा आमच्यासारख्यांसाठी असतात आणि लोक खरंच उठतात. मुलांना वर पाठवा, तुम्ही खाली बसा. दोघांचंही भलं होतं.

ट्यूबवेडा

काका, दंडवत! ट्यूबच्या बाजूनेही थोडं बोलू द्या.

एलिझाबेथ लाइन २०२२ च्या मे महिन्यात सुरू झाली आणि तिच्या प्रत्येक स्टेशनावर रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्टने जाता येतं. एसी आहे, डबे लांबलचक आहेत. हीथ्रोवरून थेट पॅडिंग्टन, बाँड स्ट्रीट, टॉटनहॅम कोर्ट रोड, फॅरिंग्डन, लिव्हरपूल स्ट्रीट. टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरून ब्रिटिश म्युझियम दहा मिनिटांच्या चालीवर.

दुसरी चांगली म्हणजे ज्युबिली लाइन. ग्रीन पार्क, वेस्टमिन्स्टर, वॉटर्लू, लंडन ब्रिज, सगळीकडे लिफ्ट. म्हणजे राजवाडा, बिग बेन, लंडन आय आणि बरो मार्केट एकाच लाइनवर, एकही पायरी न चढता. सासूबाईंच्या सहलीचा कणा या दोन लाइनींवर उभा करा. त्या बाँड स्ट्रीटला एकमेकींना भेटतात आणि तिथेही लिफ्ट आहे.

सेंट्रल आणि बेकरलू उन्हाळ्यात टाळा. खोल बोगदे, एसी नाही. आपल्याला मुंबई लोकलची सवय असते, पण लोकलला निदान दार उघडं असतं.

आणि नकाशाला भुलू नका. आजच्या ट्यूब नकाशाचं मूळ १९३३ सालच्या हॅरी बेकच्या आराखड्यात आहे. त्याने अंतरांकडे दुर्लक्ष करून रेषा सरळ केल्या. समजायला झकास, पण त्यावर दोन बोटं लांब दिसणारी स्टेशनं प्रत्यक्षात एका गल्लीच्या अंतरावर असतात. लेस्टर स्क्वेअर ते कोव्हेंट गार्डन अडीचशे-पावणेतीनशे मीटर आहे. लोक त्यासाठी खाली उतरतात, गाडीची वाट बघतात, आणि वर येऊन पुन्हा लिफ्टच्या रांगेत उभे राहतात.

मृद्गंधा

वाचनखूण साठवली. राहण्याबद्दल माझं मत: पॅडिंग्टन. हीथ्रोवरून एका गाडीत, आणि आसपास हॉटेलंच हॉटेलं.

हौन्सलोकर

पॅडिंग्टनची सोय खरी, पण तिथली स्वस्तातली हॉटेलं बहुतेक जुन्या उभ्या घरांमधली. चार मजले, अरुंद जिना, लिफ्ट असेलच असं नाही. बुकिंग करताना "लिफ्ट आहे का" हे लिहून विचारा. आणि सहा माणसं म्हणजे तीन खोल्या.

मी ईलिंग ब्रॉडवे सुचवेन. एलिझाबेथ लाइनवर, झोन ३, हीथ्रो आणि शहर यांच्या मध्ये. स्वयंपाकघरासकट घर भाड्याने मिळालं तर आजी-आजोबा खूश. सकाळचा चहा हातात आला की निम्मी भांडणं होत नाहीत.

पेठेतला_पांथस्थ

आणि वेम्बली? जेवणाचा प्रश्नच नाही तिथे. ईलिंग रोडवर फाफड्यापासून उसाच्या रसापर्यंत सगळं. मेट्रोपॉलिटन लाइनने वेम्बली पार्कहून बेकर स्ट्रीट फक्त दुसरं स्टेशन.

ट्यूबवेडा

दुसरं स्टेशन आहे खरं, पण बेकर स्ट्रीटला पायऱ्या आहेत. वेम्बली पार्कला लिफ्ट, उतराल तिथे जिना. सासूबाई असतील तर वेम्बली पार्कवरून ज्युबिलीच पकडायची, वेळ जास्त लागला तरी. शिवाय स्टेडियममध्ये मॅच किंवा मोठा कार्यक्रम असेल त्या संध्याकाळी त्या स्टेशनात शिरणं म्हणजे विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोड ओलांडणं. आणि ईलिंग रोड वेम्बली पार्कला नाही, वेम्बली सेंट्रल नाहीतर अल्परटनला जवळ पडतो. हॉटेल बघताना या नावांची गल्लत करू नका.

कृष्णाकाठ

ईलिंगचं पटतंय. एक्सेलमधले सहा रकाने आत्ताच उडवले. पण हीथ्रोवरून सहा माणसं, सात-आठ बॅगा. तरी एलिझाबेथ लाइनच का?

हौन्सलोकर

हिशोब करू. २०२५ च्या दराने हीथ्रो ते मध्य लंडन: पिकॅडिली लाइन ५.८० पौंड, एलिझाबेथ लाइन १३.९०, हीथ्रो एक्स्प्रेस आयत्या वेळी पंचवीसच्या घरात. पिकॅडिली सगळ्यात स्वस्त, पण तासाच्या आसपास लागतो, आणि गर्दीच्या वेळी त्या बुटक्या डब्यात आठ बॅगा म्हणजे सहप्रवाशांचे शाप. एक्स्प्रेस पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला टाकते. पण ती मध्ये कुठे थांबत नाही, म्हणजे ईलिंगला राहणाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही.

एकटा असतो तर ट्यूबच म्हणालो असतो. तुमच्यासारख्या कुटुंबाने पहिल्या दिवशी आधी ठरवलेली मोठी गाडी घ्यावी. दहा तासांचं विमान, इमिग्रेशनची रांग, पट्ट्यावरच्या बॅगा, एवढं झाल्यावर सत्तरीच्या माणसाला "आता जरा लिफ्ट शोधू" म्हणायचं नसतं. परतताना बॅगांच्या सवयीने एलिझाबेथ लाइनने या, मजेत याल.

गुडघेदुखे_काका

शंभर टक्के. आणि शहरात कधी पाय उचलेनासे झाले तर रस्त्यावर हात करून काळी टॅक्सी थांबवा. नव्या धाटणीच्या टॅक्सीत सहाजण बसतात, तिघं तोंड पुढे करून, तिघं समोरासमोर. दाराशी उतरती फळी निघते, व्हीलचेअरसकट आत जाता येतं. महाग आहे, पण सहा जणांत वाटली की तेवढी बोचत नाही. आमची ही त्या समोरासमोरच्या जागेवर बसून म्हणाली, "टांग्यात बसल्यासारखं वाटतंय." मिरजेची आहे ना.

स्लोवाला

नातेवाईक वा मित्र बर्कशायरमध्ये असतील (आपली आयटीवाली निम्मी जनता स्लो आणि रेडिंगलाच असते) तर एक खाचखळगा. एलिझाबेथ लाइन रेडिंगपर्यंत जाते, पण ऑयस्टर वेस्ट ड्रेटनपर्यंतच चालतं. पुढे कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा वेगळं तिकीट. ऑयस्टरने चढून स्लोला उतरलात की फाटक उघडत नाही आणि मग कर्मचाऱ्याशी संभाषण करावं लागतं.

मृद्गंधा

जे "हॉप ऑन हॉप ऑफ" पास विकतात ते घ्यावेत का? एका एजंटने आम्हाला माणशी भरमसाट पैशांना गळ्यात मारले होते. निम्मा दिवस पुढची बस यायची वाट बघण्यात गेला.

ट्यूबवेडा

नका घेऊ. तीच मजा साध्या बसच्या तिकिटात येते. १५ नंबर ट्रफाल्गर स्क्वेअरहून स्ट्रँड, फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्स करत टॉवरपर्यंत जाते. २४ नंबर पिम्लिकोहून पार्लमेंट, व्हाइटहॉल, ट्रफाल्गर स्क्वेअर, कॅम्डन करत हॅम्पस्टेड हीथपर्यंत. १३९ वॉटर्लूहून निघून पिकॅडिली सर्कस, रीजंट स्ट्रीट, ऑक्सफर्ड स्ट्रीट, बेकर स्ट्रीट. वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली की समोर नुसती काच. झाडाच्या फांद्या काचेवर सपासप आपटतात तेव्हा नऊ वर्षांचा मुलगा काय, चाळिशीतला बापही ओरडतो.

मुलासाठी आणखी एक. डॉकलँड्स भागातल्या डीएलआर या छोट्या रेल्वेच्या गाड्यांना चालक बसतो ती केबिनच नसते. पहिल्या डब्यात पहिल्या बाकावर बसवा, गाडी स्वतः चालवल्यासारखी वाटते. तिची सगळी स्टेशनं लिफ्टवाली. कटी सार्क स्टेशनला उतरून ग्रिनिच बघा, येताना बोटीने वेस्टमिन्स्टरला या. बोटीला कार्ड चालतं, पण तिचे पैसे दिवसाच्या मर्यादेत धरत नाहीत.

कृष्णाकाठ

झकास! सासऱ्यांची मात्र वेगळी यादी आहे. बाबासाहेबांचं घर, सावरकरांचं इंडिया हाउस, आणि "महाराजांची वाघनखं बघितल्याशिवाय मी विमानात बसणार नाही."

पेठेतला_पांथस्थ

वाघनखांसाठी विमान कशाला, एसटी पुरेल. व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमने ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्राला दिली, २०२४ च्या जुलैत ती आली आणि आधी साताऱ्याला ठेवली. सध्या राज्यातल्या कोणत्या संग्रहालयात आहेत ते निघण्याआधी बघा. अफझलखानाच्या वेळचीच ती, असं खुद्द म्युझियमही छातीठोक म्हणत नाही. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून ती त्याच्या वंशजांकडे आणि तिथून म्युझियमकडे गेली, एवढं पक्कं. यावर इथे वाद घालू नका, त्यासाठी वेगळा धागा काढा.

त्याच म्युझियममध्ये टिपूचा लाकडी वाघ मात्र आहे. गोऱ्या शिपायाच्या नरड्यावर बसलेला, पोटात बाजासारखी पेटी असलेला. मुलांना तोच आवडेल.

ट्यूबवेडा

आणि तिथे जायला साउथ केन्सिंग्टन स्टेशन नको, पायऱ्या आहेत. ग्रीन पार्कला वर येऊन १४ नंबरची बस धरा, म्युझियमपाशीच सोडते.

हौन्सलोकर

बाबासाहेबांचं घर १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये ते तिथे राहत होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं. पुढे स्थानिक कौन्सिलशी परवानगीवरून बरीच झटापट झाली आणि २०२० मध्ये संग्रहालय म्हणून मान्यता मिळाली. शांत निवासी गल्ली आहे, तेव्हा घोळक्याने घोषणा वगैरे नकोत. उघडं कधी असतं ते आधी तपासून घ्या. चॉक फार्म स्टेशन जवळ आहे, पण सासूबाईंसाठी २४ नंबरने कॅम्डन आणि तिथून ३१ नंबर. ती अॅडलेड रोडने जाते, तिथून मागचीच गल्ली. तासाच्या आत दुसरी बस पकडलीत तर तिकीट एकच.

इंडिया हाउस हायगेटला, ६५ क्रॉमवेल अॅव्हेन्यू. श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी सुरू केलं, पुढच्या वर्षी सावरकर आले. आज खासगी घर आहे, भिंतीवरची निळी पाटी बाहेरून बघायची आणि निघायचं. लंडन ब्रिजहून ४३ नंबर थेट आर्चवे रोडला जाते. पुढे चढ आहे, सासूबाईंना तो झेपणार नाही. त्या दिवशी त्यांना नातीबरोबर ऑक्सफर्ड स्ट्रीटला सोडा.

खास मराठी माणसं बघायची असतील तर डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे, मंडळ १९३२ चं. आणि वडापावची तलफ आली तर आमच्या हौन्सलोत या. हीथ्रोच्या रस्त्यावरच आहे, परतीच्या दिवशी जमतं.

मृद्गंधा

मे अखेर म्हणालात ना? तिकडे शाळांना त्या आठवड्यात सुट्टी असते, आणि शेवटचा सोमवार बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी. नॅचरल हिस्टरी आणि सायन्स म्युझियम फुकट असली तरी वेळ आधी राखून ठेवा, नाहीतर रांग रस्त्यावर येते. उजेड नऊपर्यंत असतो, त्यामुळे सकाळी दहाला निघालात तरी काही बिघडत नाही. साडेनऊच्या आत ट्यूबमध्ये शिरूच नका, नोकरदारांची झुंबड असते आणि भाडंही जास्त.

आणि फोन हातात नाचवत फुटपाथच्या कडेला उभं राहू नका. सायकलवरून येऊन हिसकावून नेतात. नकाशा बघायचा तर दुकानाच्या भिंतीला टेकून बघा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सासऱ्यांनी हा धागा चष्मा लावून दोनदा वाचला आणि काकांना नमस्कार सांगितलाय. शेवटची शंका: आम्ही रविवारी दुपारी पोचतोय. मुलीच्या ऑयस्टरचं काम विमानतळावर होईल ना?

हौन्सलोकर

होईल, हीथ्रोच्या ट्यूब स्टेशनवर. पण तुम्ही गाडीने जाणार असाल तर त्यासाठी बॅगा ओढत खाली उतरू नका, सोमवारी ईलिंगजवळच्या एखाद्या ट्यूब स्टेशनवर करा. तिला बरोबर न्या, वय विचारलं तर पासपोर्ट दाखवता येईल.

शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी कुठली ना कुठली लाइन बंद असते, आणि बँक हॉलिडेला जोडून तर हमखास. निघायच्या आदल्या शुक्रवारी लंडनच्या वाहतूक खात्याच्या "टीएफएल गो" अॅपमध्ये बघून घ्या. काही अडलं तर इथेच टाका. मी रविवारी घरीच असतो.